बाकावरचा कर्णधार : कासियासने 2013 मध्येच माद्रिद सोडायला हवे होते का?

अर्धवेळ_समालोचक (धागाकर्ता)

22 डिसेंबर 2012 रोजी मलागाच्या मैदानावरील सामन्यासाठी रेआल माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा संघ जाहीर झाला, तेव्हा गोलरक्षकाच्या जागी इकेर कासियासऐवजी अंतोनियो अदानचे नाव होते. कासियासला दुखापत नव्हती आणि त्याच्यावर निलंबनाची कारवाईही झालेली नव्हती. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या म्हणण्यानुसार हा निव्वळ खेळाच्या अंगाने घेतलेला निर्णय होता. माद्रिद तो सामना 3-2 असा हरले. ज्याला वगळले तो क्लबचा कर्णधार होता. त्याच वर्षी मे महिन्यात माद्रिदने 100 गुण मिळवून लीग जिंकली होती, आणि जुलैच्या पहिल्या दिवशी याच कासियासने स्पेनचा कर्णधार म्हणून युरो चषक उचलला होता. त्या संपूर्ण स्पर्धेत स्पेनवर केवळ एक गोल झाला होता.

पुढचा घटनाक्रम येथील बहुतेकांना ठाऊक असेल, तरी चर्चेच्या सोयीसाठी मांडतो. 6 जानेवारी 2013 रोजी रेआल सोसिएदादविरुद्ध पुन्हा अदानलाच उतरवण्यात आले, सहाव्याच मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळाले आणि कासियासला मैदानात यावे लागले. दुसऱ्या दिवशी झुरिचमध्ये जगातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंचा संघ जाहीर झाला आणि त्यात गोलरक्षक म्हणून सलग पाचव्या वर्षी त्याचेच नाव होते! त्यानंतर 23 जानेवारीला व्हॅलेन्सियाविरुद्ध आपल्याच संघातील आर्बेलोआची लाथ लागून त्याच्या डाव्या हाताचे हाड मोडले, दोन दिवसांत सेव्हियाकडून डिएगो लोपेझला आणण्यात आले, आणि कासियास बरा होऊन परतला तेव्हा जागा भरलेली होती. मोरिन्यो त्या उन्हाळ्यात गेले. परंतु नवे प्रशिक्षक कार्लो अँचेलॉटी यांनीही लीगमध्ये लोपेझलाच कायम ठेवले आणि कासियासच्या वाट्याला चॅम्पियन्स लीग (युरोपातील क्लबांची स्पर्धा) व कोपा देल रे (स्पेनची चषक स्पर्धा) एवढेच आले. जुलै 2015 मध्ये तो पोर्तुगालच्या पोर्तो क्लबला गेला.

माझा प्रश्न 2013 च्या उन्हाळ्याविषयी आहे. कासियास तेव्हा 32 वर्षांचा होता, आणि गोलरक्षकासाठी हे ऐन उमेदीचे वय असते. विश्वचषक एका वर्षावर आला होता. अशा वेळी ज्याला आणखी मोठे काही करून दाखवायचे असते तो खेळाडू नियमित खेळायला मिळेल तेथे जातो. कासियास गेला नाही, आणि या न जाण्याला आपण सगळ्यांनी निष्ठा असे नाव देऊन टाकले. तीन वर्षांपूर्वी माद्रिदचाच आघाडीचा खेळाडू राऊल याने नेमके उलट केले होते : वयाच्या 33 व्या वर्षी त्याने माद्रिद सोडले, शाल्केला गेला, पहिल्याच मोसमात त्या संघाबरोबर चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली आणि जर्मन चषकही जिंकला. राऊल माद्रिदशी कमी निष्ठावान होता असे कोणी म्हणत नाही. मग कासियासच्या थांबण्यात निष्ठा किती आणि अंगवळणी पडलेले घर सोडण्याची धास्ती किती? माझा कल दुसऱ्या बाजूला झुकतो, परंतु विरुद्ध मत असणाऱ्यांचे म्हणणे वाचण्याची इच्छा आहे.

हातमोजे

प्रश्न चांगला मांडला आहे, मात्र राऊलशी केलेली तुलना मला पटली नाही. वगळला गेलेला खेळाडू गोलरक्षक होता, ही बाब येथे सर्वांत महत्त्वाची आहे. आघाडीच्या खेळाडूला वगळले तरी त्याला सत्तराव्या मिनिटानंतर उतरवले जाते, एखाद्या सामन्यात उजव्या बाजूला तर एखाद्यात डाव्या बाजूला खेळवून पाहिले जाते, आणि अशा तुकड्यातुकड्यांतून तो आपली जागा परत मिळवू शकतो. गोलरक्षकाला ही सोय नाही. जागा एकच असते. पहिल्याला दुखापत झाली, लाल कार्ड मिळाले किंवा त्याच्या हातून लागोपाठ चुका झाल्या, तरच दुसऱ्याची पाळी येते. म्हणजे ज्या सहकाऱ्याचे काहीतरी बिघडल्याशिवाय आपले भले होणार नाही, त्याच सहकाऱ्याला सामन्यापूर्वी तयार करण्याचे कामही आपल्याकडेच असते.

मी कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळलो आहे, आणि त्यातील बराचसा काळ दुसऱ्या क्रमांकावर काढला आहे. शाहू स्टेडियमवर सामना सुरू होण्यापूर्वी पहिल्या गोलरक्षकाला आधी छातीच्या उंचीवर, मग दोन्ही बाजूंना जमिनीलगत आणि शेवटी डोक्यावरून असे चेंडू मारून द्यायचे, त्याचे हात गरम झाले की विखुरलेले चेंडू जाळीच्या पिशवीत भरायचे, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि बसायचे. शेजारी बसलेल्या इतर राखीव खेळाडूंचे लक्ष मध्यंतरानंतर सतत प्रशिक्षकाकडे असते. राखीव गोलरक्षकाला तेवढेही कारण नसते. त्यातच पेठेतली माणसे विचारतात की दुसरी तालीम बोलावते आहे तर जात का नाहीस, आणि कोणी खरोखरच गेला तर पुढच्या मोसमात हीच माणसे त्याच्या गोलमागे उभी राहून त्याला नको नको ते ऐकवतात. कासियासची आणि आमची बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु बाकावर बसलेला गोलरक्षक नेमक्या कोणत्या हिशेबाने थांबतो, हे त्या जागेवर बसल्याखेरीज सहसा लक्षात येत नाही.

तो हिशेब कासियासच्या बाबतीत तर आकड्यानिशी मांडता येतो, कारण 2012 ही त्याला वगळले जाण्याची पहिली वेळ नव्हती. 2001-02 च्या मोसमात माद्रिदचे तेव्हाचे प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांनी त्याला बाजूला करून सेसार सांचेझला पहिली पसंती दिली होती. 15 मे 2002 रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा एकवीस वर्षेही पूर्ण न झालेला कासियास बाकावर होता. 68 व्या मिनिटाला सेसारला दुखापतीमुळे बाहेर जावे लागले. उतरण्यापूर्वी कासियासने मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या कात्रीने जर्सीच्या बाह्या कापून घेतल्या, आणि शेवटच्या काही मिनिटांत बायर लेव्हरकुसेनचे एकामागून एक फटके अडवून माद्रिदची 2-1 ही आघाडी टिकवली. त्यानंतर काही दिवसांतच स्पेनचा पहिला गोलरक्षक कान्यिझारेस याच्या पायावर सुगंधी द्रव्याची बाटली पडली, तो विश्वचषकाला मुकला आणि ती जागाही कासियासकडे आली. ज्याला थांबल्यामुळे विशीत हे सर्व मिळाले, तो बत्तिशीतही थांबून पाहणार. त्याला धास्ती म्हणणे अन्यायाचे होईल.

पैशाचे_गणित

भावना बाजूला ठेवून एका साध्या गोष्टीची आठवण करून देतो : त्याचा माद्रिदशी करार 2017 पर्यंतचा होता. 2013 मध्ये सोडायचे म्हटले असते तर एकतर तेवढा पगार देणारा क्लब शोधावा लागला असता, किंवा चार वर्षांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागले असते. कोणताही नोकरदार माणूस वरिष्ठाशी पटत नाही म्हणून असे करत नाही. निष्ठेवर धागे काढताना करारपत्रही वाचावे, एवढेच म्हणणे आहे.

बारावा_खेळाडू

करारपत्राचा मुद्दा योग्य आहे, परंतु त्याने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. शेवटी दोन वर्षांचा करार शिल्लक असतानाच तो पोर्तोला गेला.

मला या चर्चेत एका वेगळ्या माणसाविषयी लिहायचे आहे, कारण कासियासच्या कहाणीत त्याला नेहमी जागा बळकावणारा म्हणून उभे केले जाते आणि त्याची स्वतःची बाजू कोणी पाहत नाही. डिएगो लोपेझ हा कासियासच्याच वयाचा, दोघांचाही जन्म 1981 चा. तोही माद्रिदच्याच युवा आणि दुय्यम संघांतून वर आला होता. 2005 पासून दोन मोसम तो कासियासचा राखीव होता आणि या काळात त्याला लीगमध्ये खेळायला जवळजवळ मिळालेच नाही. 2007 मध्ये त्याने नेमके तेच केले जे धागाकर्त्यांच्या मते कासियासने करायला हवे होते : खेळायला मिळावे म्हणून तो व्हियारेआलला गेला, तेथे पहिला गोलरक्षक झाला आणि चांगली पाच वर्षे खेळला. 2012 मध्ये व्हियारेआल खालच्या श्रेणीत घसरले, तो सेव्हियाला गेला, तेथे पुन्हा बाकावर बसला, आणि अशा वेळी जानेवारी 2013 मध्ये माद्रिदचे बोलावणे आले.

आता त्याच्या जागी उभे राहून पाहा. ज्या क्लबात तो वाढला त्याच क्लबात तो परतला होता. मार्च 2013 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध नानीला लाल कार्ड मिळाल्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात लोपेझने त्या रात्री किती चेंडू अडवले हे झाकले गेले, परंतु माद्रिद पुढच्या फेरीत गेले त्यात त्याचा वाटा मोठा होता. 2013-14 मध्ये त्याने लीगचे जवळजवळ सर्व सामने खेळले आणि त्या काळात कोणालाही जाहीरपणे दुखावले नाही. एवढे करून ऑगस्ट 2014 मध्ये कोस्टा रिकाचा केलॉर नवास आला आणि लोपेझला मिलानला जावे लागले. तेथेही पहिला मोसम पहिला गोलरक्षक म्हणून काढल्यानंतर ऑक्टोबर 2015 मध्ये त्याची जागा एका सोळा वर्षांच्या मुलाला देण्यात आली. त्या मुलाचे नाव जानलुईजी डोन्नारुम्मा.

अदानविषयीही दोन वाक्ये लिहितो, कारण मलागाच्या सामन्यानंतर त्याला कोणी विचारलेच नाही. माद्रिदच्याच मुशीत घडलेल्या या खेळाडूला 2013 मध्ये क्लब सोडावा लागला, मग कालियारी, बेतिस, अॅटलेटिकोत ओब्लाकचा राखीव अशी वळणे घेत तो लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये पोहोचला आणि 2020-21 मध्ये त्या क्लबने पोर्तुगालची लीग जिंकली तेव्हा गोलमध्ये तोच होता.

या तिघांपैकी कोणाला निष्ठावान म्हणायचे आणि कोणाला महत्त्वाकांक्षी? माझ्या मते तिघेही दोन्ही होते. फरक एवढाच की कासियास 2013 मध्ये ज्या उंचीवर उभा होता तेथून दुसऱ्या कोणत्याही क्लबात जाणे म्हणजे खाली उतरणेच होते, आणि लोपेझला 2007 मध्ये माद्रिद सोडणे म्हणजे वर चढणे होते. महत्त्वाकांक्षा एकाला बाहेर नेते आणि दुसऱ्याला तेथेच बसवून ठेवते, हे ज्याच्या त्याच्या त्या वेळच्या जागेवर ठरते.

अर्धवेळ_समालोचक (धागाकर्ता)

डिएगो लोपेझविषयीचा प्रतिसाद फार आवडला. तरीही एका मुद्द्याकडे कोणी वळलेले नाही, आणि माझा आक्षेप मुख्यतः तोच आहे. कासियासच्या थांबण्याची किंमत एकट्या कासियासने मोजली नाही, स्पेननेही मोजली.

2013-14 मध्ये त्याने लीगचे फक्त दोन सामने खेळले; इतर स्पर्धा धरूनही संपूर्ण मोसमात दोन डझनांच्या आसपासच सामने होतात. लीगमध्ये जो आठवड्यामागून आठवडा सराव होतो, ज्यात उंचावरून आलेल्या चेंडूसाठी पुढे यायचे की रेषेवर थांबायचे हा निर्णय विचार न करता घेतला जातो, तो सराव त्याला दीड वर्ष मिळाला नव्हता. तोवर स्पेनचे प्रशिक्षक झालेल्या देल बोस्के यांनी तरीही त्याला स्पेनचा पहिला गोलरक्षक ठेवले. बार्सिलोनाच्या व्हिक्टर वाल्देसच्या गुडघ्याला मार्च 2014 मध्ये मोठी दुखापत झाली, त्यामुळे खरा पर्यायही संपला होता, हे मान्य आहे. त्यानंतर 13 जून 2014 रोजी साल्वादोरला नेदरलँड्सने स्पेनवर पाच गोल केले. व्हॅन पर्सीचा पहिला हेडर अप्रतिम होता, त्याबद्दल कोणालाच दोष देता येणार नाही. परंतु चौथ्या गोलच्या वेळी पायाशी आलेला साधा चेंडू कासियासला नियंत्रित करता आला नाही आणि व्हॅन पर्सीने तो काढून घेतला. ती चूक क्षमतेच्या अभावी झालेली नव्हती. मला तिच्यात सामने न खेळल्याचा गंज दिसतो. पाच दिवसांनी चिलीनेही 2-0 असे हरवले, आणि जगज्जेता संघ दोन सामन्यांत स्पर्धेबाहेर गेला. तिसऱ्या सामन्यात पेपे रेना खेळला.

राष्ट्रीय संघाच्या कर्णधारावर आपल्या क्लबशिवाय आणखी कोणाचे तरी देणे असते, असे मला वाटते.

कोपऱ्यातला_फलक

मोरिन्यो यांची बाजू घेणारा येथे मी एकटाच असेन, तरी लिहितो. कासियास रेषेवर असामान्य होता. एकास एक परिस्थितीत त्याच्यासारखा दुसरा नव्हता. 2010 च्या अंतिम सामन्यात रॉबेनचा फटका त्याने उजव्या पायाने अडवला, ते दृश्य माझ्याही मनातून जात नाही. परंतु कोपऱ्यावरून आलेल्या उंच चेंडूंवर तो कायम डळमळीत होता आणि पायाने खेळ मांडणे ही त्याची ताकद कधीच नव्हती. लोपेझ 1.96 मीटर उंच, त्यामुळे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रातील हवेतले चेंडू तो सहज गोळा करत असे. प्रशिक्षकाने यावरून निवड केली असेल तर त्यात कट शोधण्याचे कारण नाही. अँचेलॉटी यांच्यासारख्या सर्वांशी गोडीगुलाबीने वागणाऱ्या माणसानेही लीगसाठी लोपेझलाच निवडले, यातच सर्व आले. अर्थात मोरिन्यो यांनी मे 2013 मध्ये लोपेझला आधीच आणायला हवे होते असे जाहीरपणे सांगून जखमेवर मीठ चोळायची काही गरज नव्हती.

जाता जाता : मोरिन्यो यांनी 2013-14 मध्ये चेल्सीत ख्वान माताला असेच बाजूला केले. माता हा त्याआधी सलग दोन मोसम चेल्सीच्या चाहत्यांनी निवडलेला सर्वोत्तम खेळाडू होता. तो कुरकुर न करता जानेवारी 2014 मध्ये 3 कोटी 71 लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला, आणि 2016 मध्ये तेच मोरिन्यो त्याच्यामागोमाग युनायटेडचे प्रशिक्षक म्हणून आले. जो वरिष्ठ नको म्हणून घर बदलावे, तोच दोन वर्षांनी नव्या घराच्या दारात उभा! माता तेथे मात्र टिकला आणि खेळलाही.

मध्यरात्रीचा_प्रेक्षक

स्पेनच्या पराभवाचे खापर कासियासच्या थांबण्यावर फोडणे मला पटत नाही. त्या संघात झावी, पिके, अलोन्सो हे सर्व थकलेले होते, आणि ते तर आपापल्या क्लबांत नियमित खेळत होते. शिवाय ज्या देल बोस्के यांनी 2002 मध्ये विशीतल्या कासियासला विनासंकोच बाकावर बसवले होते, त्याच देल बोस्के यांनी 2014 मध्ये त्याला खेळवले. खेळाडू निवडीसाठी उपलब्ध राहतो. निवडण्याची जबाबदारी निवडणाऱ्याची असते.

मूळ प्रश्नाकडे येतो. त्या अडीच वर्षांत कासियासने काय केले हे पाहण्याऐवजी त्याने काय केले नाही हे पाहावे असे मी सुचवेन. मोरिन्यो यांच्याशी त्याचे बिनसण्याची कारणे खेळापुरती नव्हती. 2011 च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या सुपर चषकात मोठी हाणामारी झाली, त्यानंतर कासियासने झावीला फोन करून स्पेनच्या संघातील संबंध सांभाळण्याचा प्रयत्न केला. पुढे 2012 मध्ये या दोघांना मिळून आस्तुरियासच्या राजपुत्राच्या नावाचा क्रीडा पुरस्कारही मिळाला. देशाने ज्यासाठी गौरवले, तीच गोष्ट क्लबातील काही जणांच्या दृष्टीने फितुरी ठरली. ड्रेसिंग रूममधल्या बातम्या बाहेर जातात आणि त्या कर्णधारच पुरवतो, त्याची जोडीदार पत्रकार आहे, अशी कुजबुज सुरू झाली आणि माद्रिदच्याच चाहत्यांपैकी एक गट त्याला घरभेदी म्हणू लागला. या काळात त्याने एकदाही पत्रकार परिषद घेऊन प्रशिक्षकाला उत्तर दिले नाही. मे 2013 मध्ये बर्नाबेऊवर, म्हणजे स्वतःच्या मैदानावर, अॅटलेटिकोविरुद्ध कोपाचा अंतिम सामना झाला आणि माद्रिदचा कर्णधार तो सामना बाकावरून पाहत होता. माद्रिद 2-1 असे हरले. तेव्हाही तो गप्पच राहिला. कोणी म्हणेल की तो मूग गिळून बसला. मला वाटते की तोंड उघडले असते तर त्याचे म्हणणे खरे ठरले असते, परंतु ड्रेसिंग रूमचे दोन तुकडे झाले असते.

आणि थांबण्यातून त्याला काहीच मिळाले नाही असेही नाही. 24 मे 2014 ला लिस्बनमध्ये जो दहावा युरोपीय चषक माद्रिदने जिंकला, तो मिळवण्यासाठी क्लब 2002 पासून धडपडत होता. आमच्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते आणि घरातील इतर मंडळी झोपलेली असल्यामुळे मी दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून सामना पाहत होतो. 36 व्या मिनिटाला कासियास नको तेवढा पुढे आला, अॅटलेटिकोच्या गोदिनचे डोके आधी लागले, चेंडू त्याच्यावरून गेला आणि मागे धावत जाऊन त्याने तो बाहेर काढेपर्यंत रेषा ओलांडून झाली होती. आवाज नसल्यामुळे त्याचा चेहराच काय तो दिसत होता. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला माद्रिदच्या रामोसने बरोबरी साधली नसती तर कासियासची संपूर्ण कारकीर्द त्या एका पावलावरून मोजली गेली असती. माद्रिदने पुढे जादा वेळेत 4-1 असा विजय मिळवला आणि चषक उचलला तो कासियासनेच. 2013 मध्ये तो दुसरीकडे गेला असता तर विश्वचषक, युरो आणि चॅम्पियन्स लीग हे तिन्ही कर्णधार म्हणून उचलणे त्याच्या नशिबात नव्हते. म्हणून मी त्याचे थांबणे हीच त्याची महत्त्वाकांक्षा मानतो.

हातमोजे

वरील प्रतिसादाशी सहमत. गोदिनच्या गोलबद्दल मात्र धागाकर्त्यांचा गंजाचा मुद्दा लागू पडतो, हे गोलरक्षक म्हणून नाइलाजाने मान्य करतो. पहिले पाऊल टाकल्यावर थांबायचे नसते, तो थांबला.

दुसरा_गोलपोस्ट

चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, म्हणून उशिरा का होईना लिहितो. कासियास केव्हा थांबला आणि केव्हा गेला हे नीट पाहिले, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. 2013 मध्ये त्याची निवड होत नव्हती, तेव्हा तो थांबला. 2014-15 मध्ये लोपेझ गेलेला होता, नवास राखीव होता आणि लीगचे बहुतेक सामने कासियासच खेळत होता. त्या मोसमाच्या शेवटी तो गेला. म्हणजे ज्या वर्षी जागा परत मिळाली त्याच वर्षी त्याने ती सोडली. निवड न होणे हे जर त्याचे खरे दुखणे असते, तर हा क्रम उलटा असायला हवा होता.

त्या वर्षी बदलले होते ते प्रेक्षकांचे वागणे. बर्नाबेऊवर त्याच्या हातात चेंडू आला की शिट्ट्या वाजत, आणि त्या पाहुण्या संघाच्या समर्थकांच्या नसत. नवव्या वर्षी ज्या क्लबात मूल म्हणून आला, जेथे 725 सामने खेळला, तेथे चेंडू पकडताना आपल्याच माणसांच्या शिट्ट्या ऐकणे, आणि क्लबचे वरिष्ठही आता पुढे पाहत आहेत हे कळणे, हे बाकावर बसण्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे आहे. प्रशिक्षक आज आहे तर उद्या नाही. मोरिन्यो खरोखरच गेले. प्रेक्षक कुठे जाणार? 12 जुलै 2015 रोजी निरोपाच्या पत्रकार परिषदेत कासियास एकटाच बसला होता. शेजारी क्लबचा एकही पदाधिकारी नव्हता, समोर कागद होता आणि पहिले वाक्य वाचण्याआधीच त्याला हुंदका आवरेना. टीका झाल्यावर क्लबने दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांच्या उपस्थितीत सर्व चषक मांडून दुसरा समारंभ घडवला, त्यावर जास्त लिहायला नको.

पोर्तोला गेल्यानंतरचा भागही येथे कोणी विचारात घेतलेला नाही. 29 सप्टेंबर 2015 रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोने चेल्सीला 2-1 असे हरवले; तो कासियासचा या स्पर्धेतील 152 वा सामना होता आणि त्याने झावीचा विक्रम मोडला. समोरच्या बाकाजवळ उभे असलेले प्रशिक्षक होते मोरिन्यो. कथा येथे संपवली तर सूड उगवल्यासारखी छान वाटते, पण ती पुढेही चालू राहिली. ऑक्टोबर 2017 मध्ये पोर्तोचे प्रशिक्षक सेर्जिओ कॉन्सेसाव यांनी लायपझिगच्या सामन्यात कासियासला वगळून जोझे सा या तरुणाला खेळवले, आणि पुढचे चार महिने 36 वर्षांचा कासियास लीगमध्ये व चॅम्पियन्स लीगमध्ये बाकावर होता. हा क्लब त्याच्या बालपणाचा नव्हता. येथे तो कर्णधार म्हणून वाढला नव्हता, येथील लोकांचे त्याच्यावर कोणतेही ऋण नव्हते. पैसाही त्याने पुरेसा कमावला होता, आणि जिंकायचे म्हणून काही शिल्लक राहिले नव्हते. निष्ठा, करार, दहावा चषक, आत्तापर्यंत आपण दिलेल्या कारणांपैकी एकही येथे लागू होत नाही, आणि तरीही त्याने हुबेहूब माद्रिदसारखेच केले : थांबला, सराव करत राहिला, बोलला नाही. 14 फेब्रुवारी 2018 रोजी लिव्हरपूलने पोर्तोला त्यांच्याच मैदानावर 5-0 असे हरवले, पहिला गोल जोझे सा याच्या हातून निसटून गेला, आणि जागा पुन्हा कासियासकडे आली. अॅनफिल्डवरचा परतीचा सामना 0-0 असा सुटला. मे महिन्यात पोर्तो चार वर्षे सलग जिंकत आलेल्या बेनफिकाला मागे टाकून विजेते झाले.

म्हणून माझ्या मते 2013 चे उत्तर माद्रिदवरील प्रेमात शोधण्यापेक्षा या माणसाच्या वृत्तीत शोधावे. ग्लासगो, माद्रिद आणि पोर्तो या तिन्ही ठिकाणी जागा गेल्यावर त्याने एकच गोष्ट केली आणि तिन्ही ठिकाणी समोरच्याचे काहीतरी बिघडेपर्यंत तो तयार राहिला. धागाकर्त्यांनी राऊलचे उदाहरण दिले आहे. राऊल आघाडीचा खेळाडू होता, त्याला गोल शोधत जायची सवय होती. हातमोजे यांनी पहिल्याच प्रतिसादात जे लिहिले ते मला त्यामुळे अधिक जवळचे वाटते.